तिसरा दिवस

फ्लॉरेन्सच्या सहलीचा कागद नेरीनाने बाबांपुढे सरकवला. "दोन दिवस शहर, तिसऱ्या दिवशी एखादं खेडं. खेडं तुम्ही निवडा."

बाबांनी कागदावरच्या नकाशात टेकडीवरच्या एका खेड्यावर बोट टेकवलं.

"अहो बाबा, हे तर एल्वियोकाकांचं गाव! नऊ वर्षं तोंड पाहिलं नाहीत त्यांचं."

"मी टेकडी बघायला चाललोय. टेकडी काय त्याच्या बापाची आहे?"

"त्याचा बाप तो तुमचाही बाप," आई आतून म्हणाली.

बाबांनी कागदाची घडी घालून खिशात टाकली.

निघायच्या सकाळी त्यांच्या बॅगेत, शर्टांच्या घडीखाली, नेरीनाला फांद्यांवरून ऑलिव्हची फळं उतरवायची जुनी लाकडी फणी सापडली.

"टेकडी बघायला ही कशाला, बाबा?"

"तोडणीचे दिवस आहेत, पोरी. भावाच्या दारात रिकाम्या हाताने कसा जाऊ?"