फेरनमुना

विज्ञानाला भावना नसतात, असं मॅडमनी इंटर्नशिपच्या पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आठवड्याभरात निनाद एका गावचं पाणी दूषित निघावं म्हणून देव पाण्यात घालून बसला.

तिथल्या विहिरीतून नमुन्याचं पाणी अंगणवाडीताई कल्याणीने शेंदून दिलं होतं.

“पुन्हा कधी येणं?”

“बाटली काळी पडली, तर फेरनमुना घ्यायला यावंच लागतं.”

“आणि नाही पडली तर?”

“तर पाणी चांगलं.”

“एवढंच होय,” म्हणत तिने दोर हळूहळू गुंडाळला.

प्रयोगशाळेत तो येता-जाता त्या बाटलीपुढे रेंगाळायचा. आत नुसतं बोट बुडवलं असतं, तरी हातावरच्या जंतूंनी ती काळी पडली असती आणि जीप गावाकडे निघाली असती. एकदा त्याने हातमोजा काढलाही. मग चपला घालून विहिरीच्या कठड्याकडे कुणालाही फिरकू न देणारी कल्याणीची करडी नजर आठवली. मोजा मुकाट्याने परत चढला.

तिसऱ्या दिवशी एक बाटली खरोखरच काळीकुट्ट झाली. ती तुलनेसाठी भरलेली, त्याच्याच होस्टेलच्या कूलरची. विहिरीचं पाणी चांगलं निघालं.

फेरनमुना आणायला मॅडमनी त्याला होस्टेलवर पाठवलं. चालत.