शेवटची खुर्ची

प्याला अजून सात माणसं दूर होता आणि वहिनी आत्तापासूनच मधली माणसं मोजत होती.

तिच्या पोटात बाळ होतं, सातव्या महिन्याचं. आधीची दोन हातची गेली होती. म्हणून या खेपेला ती जिना चढताना पायऱ्या मोजायची, उकळलेलं पाणी पुन्हा उकळायची आणि कुणी शिंकलं की श्वास रोखून धरायची. पडदे शिवून पोट भरणारी ही बाई मूळची मोठी हसरी. मंडळीत लहानथोर सगळे तिला वहिनीच म्हणत. पण गेले तीन आठवडे तिचं हसू पळालं होतं, कारण घड्याळकाका परत आले होते.

घड्याळकाका म्हणजे कोपऱ्यावरचे घड्याळं दुरुस्त करणारे. अख्ख्या वस्तीची घड्याळं वेळेवर आणायचे आणि स्वतः उपासनेला दहा मिनिटं उशिरा यायचे. त्यावरून त्यांची थट्टा चाले. मग चार महिने ते दिसलेच नाहीत. परतले ते निम्मे होऊन आणि तोंडाला मास्क लावून. दुखणं काय, ते त्यांनी सांगितलं नाही. विचारायचं कुणाला सुचलं नाही. कुजबुजायचं मात्र सगळ्यांना सुचलं. छातीचं असणार. लागण होणारं असणार. नाहीतर बंद खोलीत मास्क कशाला?

छापखान्याच्या वरच्या भाड्याच्या खोलीत ही तेवीस माणसांची ख्रिस्ती मंडळी दर रविवारी एका लांब टेबलाभोवती जमायची. महिन्यातून एकदा प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत पाव आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, असायचं. त्याला इथे छोटे पेले नसत. एकच पाव, एकच प्याला. प्याला हातोहात फिरायचा, आणि शेवटच्या माणसाने उरलेलं संपवायचं. थेंबही परत जायचा नाही. एका प्याल्यातून पिणारी माणसं एकमेकांना परकी नसतात, असं पाळकसाहेब दर वेळी सांगत आणि सगळे दर वेळी माना डोलावत.

गुरुवारी वहिनी नवऱ्याला घेऊन पाळकसाहेबांकडे गेली होती.

"काकांना शेवटच्या खुर्चीवर बसवा. त्यांचं उष्टं माझ्या तोंडी नको. हात जोडते तुम्हाला," असं म्हणताना तिला रडू फुटलं होतं. पाळकसाहेबांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग हो म्हणाले. त्यांनाही सुटल्यासारखं झालेलं दिसलं.

आज काकांना शेवटची खुर्ची दाखवली, तेव्हा ते क्षणभर उभेच राहिले. टेबलाच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत त्यांनी एकेका तोंडाकडे पाहिलं. मग बसले. त्यांच्या अलीकडची खुर्ची नेहमीप्रमाणे वहिनीची. आपण त्यांच्या आधी आहोत, नंतर नाही, असं ती मनाला बजावत राहिली. पण प्याला त्यांच्या हातात द्यायचा होता तिलाच. बोटाला बोट लागू नये म्हणून प्याला कसा धरायचा, ते ती मनात ठरवत होती.

प्याला आला. सकाळपासून तिचं नाक गळत होतं. बाजूला वळून ती रुमालात शिंकली आणि तिने एक घोट घेतला. तळाशी दोनेक घोट उरले. काकांनी मास्क उतरवला. वहिनीने श्वास कोंडला, मान फिरवली आणि हात लांब करून प्याला पुढे केला.

तो कुणी घेतलाच नाही.

तिने वळून पाहिलं. काकांचा हात अधांतरी थांबला होता. चेहरा पांढराफटक. तीन आठवडे आरशात पाहिलेली भीती तिला ओळखू आली.

"वहिनी, सर्दी झालीय तुम्हाला?" त्यांनी हळूच विचारलं.

"थोडीशी. घरात सगळ्यांनाच आहे. का हो?"

"काही नाही." ते कसंबसं हसले. "माझं रक्ताचं दुखणं आहे. अंगात लढायची ताकदच उरली नाही. डॉक्टर म्हणाले, साध्या सर्दीनेही जाल. माझ्यापासून तुम्हाला काही नाही, घाबरू नका. हा मास्क माझ्यासाठी आहे."

वहिनीने प्याल्याकडे पाहिलं. बावीस तोंडांना लागून आलेला प्याला तिच्या हातात होता. तो याच माणसाकडे शेवटी यावा म्हणून तिनेच हात जोडले होते.

"मग आलात कशाला इथे?" तिने विचारलं.

"चार महिने एकटाच जेवलो, वहिनी. त्यानेही माणूस मरतोच." त्यांनी हात पुढे केला. "द्या."

तिने दिला नाही. उरलेले दोन्ही घोट स्वतःच पिऊन टाकले. पाळकसाहेब अर्धवट उठले. ती कुणाकडे न बघता कोपऱ्यातल्या नळाशी गेली. साबण लावून तिने आधी कोपरापर्यंत हात धुतले, मग प्याला, आतून, बाहेरून, पुन्हा आतून. धुतलेला पडदा पिशवीत होता, त्याची पट्टी फाडून तिने नाकातोंडावर घट्ट बांधली. सुरईतला द्राक्षरस ओतला आणि प्याला काकांसमोर ठेवला.

"आधी तुम्ही."

काका प्यायले. तिने हात पुढे केला तशी नवऱ्याची खुर्ची धाडकन मागे पडली.

"अगं, बाळाचा तरी विचार कर!"

"बाळाला यांच्यापासून काही नाही हो," ती म्हणाली. "यांना आहे ते आपल्यापासून. काका, आता मला द्या."