तीस जोड्या

हौशीराम कुणाचं ऐकतील तर शपथ! छातीत पेसमेकर बसवून वडगावला परतल्याला आठवडा झाला नाही, तोच बाजेवरून उठून कांद्यात हिंडायचे. डावा हात हलवू नका, रोज नाडी मोजा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सून घड्याळ बघायची आणि सिंधूबाई मेंढरं मोजावीत तशी नवऱ्याची नाडी जोडीजोडीनं मोजायची. मिनिटाला तीस जोड्या.

दुपारी ते पुन्हा निसटले. सिंधूबाई फणफणत बाजेवरची घोंगडी झटकायला गेली, तर घोंगडी उबदार लागली. तिनं हात ठेवला. खालून नाडीचे तेच ओळखीचे ठोके येत होते.

“आगं, च्या टाक की!” हौशीराम अंगणातून ओरडले.

तिनं जाऊन त्यांचं मनगट धरलं. बराच वेळ एकही ठोका लागला नाही.

ती दार अडवून उभी राहिली. “अवं, वरडू नगा. आत्ता कुठं डोळा लागलाय तुमचा.”