डोस कुणाचा?

“मोठ्यांचाच नियम धर आणि मोकळी हो,” काका नव्या प्रोग्रॅमर मुलीच्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले. ते टीमचे प्रमुख. पंचेचाळिशीतच ऑफिसने त्यांना काका करून टाकलं होतं.

तिचा प्रोग्रॅम कम्पाइल होत नव्हता, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरत नव्हता. सलाइनमधून औषध सोडणाऱ्या पंपासाठी तो लिहिला होता. ‘कमाल डोस’ हे फंक्शन एकच. त्यामागे नियम मात्र दोन. एक तान्ह्या बाळाचा, एक मोठ्या माणसाचा. कुठला लावायचा, ते हे भाषांतर करणारा कम्पायलर टाइप, म्हणजे माहितीचा प्रकार, बघून ठरवणार. पण नर्सने भरलेल्या नुसत्या आकड्यावरून टाइप कळायला मार्ग नव्हता. कम्पायलर हटून बसला होता: डोस कुणाचा, ते आधी सांगा.

“टाइप बाहेरून पाठवते,” ती म्हणाली. “फंक्शनला सोबत द्यायचा एक रिकामा पॅरामीटर, नुसती चिठ्ठीच म्हणा. आत आकडा नाही, मजकूर नाही. बाळ की मोठं, एवढंच तो सांगेल.”

“आणि त्याला कोण सांगणार?”

“नर्स. पडद्यावर विचारू.”

काकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. हॉस्पिटलला पडद्यावरचे प्रश्न कमी हवे होते, आणि प्रोग्रॅम आजच द्यायचा होता. “अगं, दहातले नऊ पेशंट मोठेच असतात!”

“आणि दहावा, काका?”

ते आपल्या जागेवर निघून गेले. तिने पॅरामीटर घातला. प्रोग्रॅम निमूट कम्पाइल झाला. काकांचं न ऐकता तिने हे केलं होतं. आणि तिची नोकरी अजून कायम व्हायची होती.

दुपारी काका स्वतः चाचणीला बसले. हा प्रश्न म्हणजे नसती कटकट, हे त्यांना दाखवून द्यायचं होतं. खोटे पेशंट सुचले नाहीत की ते घरच्यांनाच भरती करत. त्यांनी पडद्यावर स्वतःला सलाइन लावलं, मग बायकोला.

“बघ, दर वेळी ‘मोठं’च. उगाच एक जास्तीचं बटण.”

मग त्यांनी मुलीचं वजन टाकलं. पडद्यावर प्रश्न आला: बाळ की मोठं?

काकांचं बोट हवेतच राहिलं.

“सातवीतल्या पोरीला कशात धरायचं गं?” आवाजात मघाची धार नव्हती.

तिने नियमांची फाइल पुन्हा उघडली. नियम दोनच होते, आणि दोन्ही तिनेच लिहिले होते.

काकांनी हॉस्पिटलला फोन लावला.

“आज प्रोग्रॅम मिळणार नाही,” ते म्हणाले. “आधी तुमच्या मुलांच्या डॉक्टरांशी बोलायचंय. आम्ही मुलांना विसरलोच होतो.”