बाहेरून काहीच आलं नव्हतं

"नीट बघ. व्हायरसच असणार," मामा पुन्हा म्हणाले.

भाचा नीटच बघत होता. दुपारपासून तो मामांच्या खुर्चीत बसला होता आणि मामा शेजारी उभे होते. एरवी त्या खुर्चीला कुणी हात लावलेला मामांना खपत नसे.

कॉम्प्युटरवरचा अँटिव्हायरस भाच्यानेच बसवून दिला होता. तो त्याच कंपनीत होता, ग्राहकांच्या तक्रारी निस्तरायचा. "आता डोळे झाकून झोपा, मामा. मुंगीसुद्धा आत शिरणार नाही," असं त्याने छाती फुगवून सांगितलं होतं. आणि मामांनी याच कॉम्प्युटरवर तयार केलेला गणिताचा पेपर परीक्षेआधीच फुटला होता. एका खासगी क्लासने घेतलेल्या सराव परीक्षेत तीच उदाहरणं होती, आकडेसुद्धा तेच. मामांची मुलगी, त्याची ताई, नेमकी त्याच क्लासात शिकवत होती. लोकांना आणखी काय हवं?

उद्या मामांना चौकशी समितीपुढे उभं राहायचं होतं. पेपर बाहेरच्या कुणी चोरला असेल तर मामा सुटणार होते. घरातून गेला असेल तर इतक्या वर्षांचं नाव मातीत जाणार होतं.

ते नावही साधंसुधं नव्हतं. मामांनी उभ्या जन्मात कुणाला अर्धा गुण वाढवून दिला नव्हता, की कुणासाठी शब्द टाकला नव्हता. ताई शिकवायची ती शाळा बंद पडली, ती तीन वर्षं घरी बसली, अर्ज करकरून थकली, तरी मामा ढिम्म. "स्वतःच्या हिमतीवर मिळव," एवढंच. मामी वैतागून म्हणायची, "तुमची तत्त्वं काय कुकरला लावू?" शेवटी ताईला क्लासात नोकरी लागली, तेव्हा मामीने सगळ्या नातेवाइकांना फोन करून भंडावून सोडलं होतं.

भाच्याने तपासणी पुन्हा सुरू केली. हिरवी पट्टी सरकत सरकत टोकाला गेली आणि तेच वाक्य आलं: धोका आढळला नाही.

"कसला रे तुझा अँटिव्हायरस?" मामी चहा ठेवत म्हणाली. "चोर घर धुऊन गेला तरी म्हणतोय सगळं ठीक. आमच्या वॉचमनचा भाऊच शोभतो."

भाचा ओशाळला. आपली कंपनी, आपला शब्द, आणि मामांची ही दशा. त्याने अँटिव्हायरस बंद केला आणि कॉम्प्युटरमधल्या जुन्या नोंदी उघडल्या. त्या वाचता वाचता चहा निवून गेला.

"मामा, बाहेरून काहीच आलेलं नाही," तो हळूच म्हणाला. "पेपर इथूनच पेन ड्राइव्हवर घेतलाय. पासवर्ड टाकून. पहिल्याच फटक्यात बरोबर."

"मग तुझ्या अँटिव्हायरसने अडवलं का नाही?"

"तो बाहेरून येणारं ओळखतो, मामा. घरातल्याच माणसाने पासवर्ड टाकला, फाइल उघडली, कॉपी केली, तर त्याला ते रोजचंच काम वाटतं. तो कशाला अडवेल?"

चूक कंपनीची नाही म्हणून भाच्याला हायसं वाटलं. लगेच त्याची लाजही वाटली. पासवर्ड मामांना आणि ताईला, दोघांनाच ठाऊक होता.

मामा खिडकीकडे वळले. "तू व्हायरस होता असं लिहून दे," ते म्हणाले.

लहानपणी एकदा भाचा खोटं बोलला होता, तेव्हा मामांनी दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला होता. तेच मामा आज मुलीसाठी त्याच्याकडे खोटं मागत होते. त्याला त्यांच्याकडे बघवेना.

तेवढ्यात ताई क्लासहून आली. बोटं मार्करच्या शाईने निळी झाली होती. तिने तिघांचे चेहरे पाहिले. "काय सापडलं?"

भाच्याने सांगितलं. अडखळत, तिची नजर चुकवत.

"कधी कॉपी केलाय?" तिने विचारलं.

"मामीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं ना, त्याच्या आदल्या दिवशी. संध्याकाळी."

"तेव्हा तर आम्ही सगळे घरातच होतो," मामी म्हणाली.

ताईने पर्स खांद्यावरून काढून टेबलावर ठेवली. मामांकडे पाहिलं. मामा अजून खिडकीबाहेरच बघत होते.

"मीच दिला," ताई म्हणाली. "क्लासवाल्यांनी मागितला, मी दिला. उद्या समितीला माझं नाव सांगा."

मामीने तिचा दंड धरला. "अगं, यांनी जन्मभर काय जपलं ते तुला माहीत नव्हतं का? आता आम्ही कुणाला तोंड दाखवायचं?" तिला रडू आवरेना. मामा नुसतंच "अगं, पण" म्हणाले. त्यांचे कान लालबुंद झाले होते.

भाच्याने आपली बॅग आवरली. ताई त्याला सोडायला फाटकापर्यंत आली.

"ताई, मी देतो लिहून, व्हायरस होता म्हणून," फाटकाशी तो म्हणाला.

"नको. तुझी नोकरी जाईल."

"आणि तुझी? त्या नोकरीपायी तू मामांची मान खाली घातलीस, ताई. मला अजून खरं वाटत नाही."

ताई थोडा वेळ शाईची बोटं चोळत राहिली.

"आईच्या ऑपरेशनपर्यंत मी त्या क्लासचं नावही ऐकलं नव्हतं," ती म्हणाली. "नंतर आठवड्याभराने बाबाच म्हणाले, तिथे एक जागा आहे, जाऊन बघ."