बिंबलीचा निकाल
विहिरीजवळची बिंबली तोडायला बाबू सकाळीच कुऱ्हाड घेऊन आला. "नव्या गाडीला जागा नको का, आई? आणि बिंबलीची आंबटढाण फळं खातंय कोण?" असा निकाल वकील असलेल्या श्रीधरने आईला, मालिनीबाईंना, रात्रीच दिला होता. त्यांच्या सासूबाईंनी पावस गावाहून रोप आणून लावलेलं झाड. खुंटीवरचा सदरा घालताना श्रीधर ओरडला, "आई, खिशाला शाई! कोर्टात जायचंय मला!" "बोंबलतोस काय मेल्या? दे इकडे." त्यांनी चार बिंबल्या तोडल्या, मीठ लावून डागावर चोळल्या. शाई आधी फिकटली, धुतल्यावर गेलीच. ओल्या खिशावर इस्त्री फिरवताना श्रीधर म्हणाला, "माझ्या शाळेच्या सदऱ्यांना आजी हेच चोळायची ना?" "झाड होतं म्हणून." तो अंगणात गेला. "बाबू, राहू दे रे. गाडी बाहेर ठेवीन." मालिनीबाईंनी कनवटीला खोचलेलं त्याच्या पेनाचं टोपण हळूच टेबलावर ठेवलं.