कोंबड्यांची पंगत

काशिनाथनं उजव्या कप्प्यातली कोंबडी टोपलीत घातली आणि टोपली काट्याला अडकवली. डावीकडच्या कोंबड्यांइतकीच भरली. सकाळपासून हेच चाललं होतं. कुठलीही उचला, काटा थोडा पुढंमागं होई आणि हट्टानं त्याच रेघेपाशी येऊन थांबे.

न्हावऱ्याच्या शिवारातली ही पत्र्याची शेड शेतकी कॉलेजच्या मदतीनं चाललेल्या त्याच्या संशोधनासाठी होती. मधे जाळी. डावीकडच्या कोंबड्यांना त्यानं स्वतः जुळवलेलं नवं खाद्य, मासळीची भुकटी आणि जीवनसत्त्वं घातलेलं. उजवीकडच्यांना दौंडच्या बाजारातलं साधं. ऊब मात्र दोन्हीकडं सारखी हवी, नाहीतर थंडीनं कुठल्या खुरटल्या आणि खाद्यानं कुठल्या, हे कळणार कसं? त्यासाठी त्यानं एक पेटी बनवली होती. कप्पा गार पडला की ती आपोआप दिवे लावी, तापला की विझवी. पुण्याच्या कारखान्यात भट्ट्यांचं तापमान सांभाळणारा इंजिनियर तो. पेटी फक्कड जमली होती. आता खाद्याचा गुण दिसायला हवा होता. आज पहिलंच वजन, आणि फरक नाही. असंच राहिलं तर पुढच्या महिन्यात कॉलेजचे प्राध्यापक येऊन संशोधन बंद करणार, यात त्याला शंका नव्हती.

तो दारातल्या पोत्यावर मटकन बसला. “मावशी, माझ्या खाद्यात काही दमच नाही गं.”

कुशाबाई त्याच्या आईची धाकटी बहीण. तो पुण्याला गेला की शेड तीच बघायची, कोंबड्यांना खायला तीच घालायची. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेल्या बाईला हे काम सुखाचं वाटे. ती पाण्याची भांडी विसळत होती. तिचा हात थांबला.

“खाद्याला नावं ठिवू नगंस,” ती म्हणाली. “लई गुणाचं हाय. दोन्हीकडं तेच खात्यात, म्हणून तर दोन्हीकडं सारख्या भरल्यात.”

“दोन्हीकडं?”

“दोन्ही पोत्यांतलं रोज एकात कालवते आन् सारखं वाढते. पयल्या दिसापासनं.”

काशिनाथ ताडकन उठला. भाच्याला मावशीपुढं जे बोलता येत नाही, ते सगळं त्याच्या तोंडावर उमटलं. “अगं, बजावून सांगितलं होतं ना मी! वेगळं वाढायचं!”

“सांगितलं व्हतंस. न्हाई जमलं.” तिनं भांडं खाली ठेवलं. “पाटलाच्या घरी लगीन असलं की आमची पंगत उकिरड्याच्या अंगाला. तुझ्या आईला आन् मला बुंदीचा नुसता वास. आन् आता एका छपराखाली म्याच दोन पंगती वाढू व्हय? ऊब सारखी मिळावी म्हणून येवढी पेटी केलीस लेका, आन् खाणं मातर येगळं?”

पंक्तिप्रपंच हे मोठं पाप, असं आपल्याकडं सगळेच सांगतात, आणि पंगती वेगळ्या मांडणारे तर जरा जास्तच ठासून सांगतात. कुशाबाईनं ते ऐकलं नव्हतं, भोगलं होतं.

काशिनाथला राग येत होता, आणि रागावता येत नाही म्हणून तो आणखी येत होता. “मावशी, या कोंबड्या आहेत,” तो शेवटी म्हणाला. “एकीला साधं घातल्याशिवाय दुसरीला काय फायदा झाला ते कळत नाही. फरक दिसला तर हे खाद्य गावोगाव जाईल. सगळ्याच कोंबड्यांना मिळेल.”

“मिळंल तवा मिळंल. ह्या तवर कापल्या जात्याल.”

काशिनाथनं बोटांवर दिवस मोजले. कोंबड्या विकायला अजून अवकाश होता. आजपासून नीट वेगळं वाढलं तर थोडा तरी फरक दिसला असता.

“आजपासून तरी वेगळं वाढ. माझ्यासाठी.”

कुशाबाईनं त्याच्याकडं मायेनं बघितलं. “तुझ्यासाठी पाणी भरीन, शेड झाडीन, कुत्री हाकलीन. वाढायला मातर मी न्हाई. तू वाढ.” कळशी कमरेवर घेऊन ती विहिरीकडं गेली.

काशिनाथनं डावीकडं नवं खाद्य घातलं. मग दुसऱ्या घमेल्यात साधं घेऊन उजव्या कप्प्याची कडी काढली. आपलं काही चुकत नाही, असंच केल्याशिवाय काही सिद्ध होत नाही, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. तरी त्याला लाज वाटत होती. कोंबड्या एकमेकींच्या अंगावरून उड्या घेत धावत आल्या आणि त्या साध्या खाद्यावर आनंदानं तुटून पडल्या. निदान एकीनं तरी तोंड फिरवायला हवं होतं, असं काशिनाथला वाटलं.